दोनशे वर्षांपूर्वीचा आमदार

महामारीच्या पहिल्या वर्षी आल्मेरे या डच गावातल्या आमच्या घरात दोन वकील मुक्कामाला होते. एक माझे सासरे. ते ट्यूलिप बघायला म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. दुसरा अमेरिकेतला एक वकील, मरून दोनशे वर्षं होत आलेला. तो माझ्या लॅपटॉपमध्ये राहत होता. दोघांपैकी त्रास कोणाचा जास्त, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

सासऱ्यांना मी बाबा म्हणते. बाबांची हयात तालुक्याच्या कोर्टात गेली. बांध, हद्दी, वाटण्या, सामाईक विहिरी. मधे एकदा ते विधानसभेला अपक्ष उभे राहिले आणि डिपॉझिट घालवून बसले. "लोकांना कळलं नाही," एवढंच ते त्या निकालाबद्दल सांगत. लोकांना ते आजतागायत कळलेलं नाही. आल्मेरेत त्यांना ना कोर्ट होतं, ना पक्षकार. माझा नवरा दिवसभर माळ्यावरच्या खोलीत हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगा करायचा, त्यामुळे त्याच्याशी वाद घालणंही शक्य नव्हतं. सुपरमार्केटात माणशी एक ट्रॉली घ्यायचा नियम होता. बाबांनी तिथल्या कॉलेजवयीन मुलीला विचारलं, की हा नियम कोणत्या कायद्याखाली केला आहे. ती म्हणाली, माहीत नाही, पण ट्रॉली घ्या. बाबांनी ट्रॉली घेतली, पण निषेध नोंदवून.

मी युट्रेख्टला इतिहास शिकले होते आणि तिथेच एका प्रकल्पावर काम करत होते. महामारी आली आणि प्रकल्प गुंडाळला गेला. तेव्हा माझ्या जुन्या प्राध्यापकांनी मला एक काम सुचवलं. युट्रेख्टमध्ये एक निवृत्त अमेरिकन वकील राहतात, त्यांना आपल्या एका पूर्वजाचं चरित्र लिहून हवं आहे. पूर्वज कोण, तर अमेरिका नव्यानेच स्वतंत्र झाली तेव्हाचा एक वकील आणि राज्याच्या विधिमंडळाचा सभासद. म्हणजे आपल्या भाषेत आमदार. मी पुढे त्याला आमदारच म्हणू लागले, आणि घरात तेच रुळलं.

पहिली भेट त्या अमेरिकन आजोबांच्या मागच्या अंगणात झाली. दीड मीटर अंतरावर खुर्च्या, प्रत्येकाच्या मांडीवर लोकरीचं पांघरूण. त्यांची बायको डच, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली. तिने कॉफी आणली, बिस्किटांचा डबा उघडला, प्रत्येकाला एकेक दिलं आणि डबा बंद करून आत नेला. आजोबा स्वतः तिकडे असताना विधिमंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले होते आणि पडले होते, हे त्यांनी लगेच सांगितलं. मला आल्मेरेत बसलेले बाबा आठवले आणि मी कॉफीत लक्ष घातलं.

"आमचं घराणं मूळ या देशातलं," ते म्हणाले. "माझ्या पूर्वजाने शून्यातून कायदा शिकून एक राज्य उभं केलं. पुस्तकाचं नाव मी ठरवलं आहे. 'जनसेवक'."

"या देशातून गेले कारण इथे त्यांचं काही जमेना," त्यांची बायको म्हणाली. "चांगली चाललेली माणसं कशाला जातील?"

आजोबा हसले. लग्नाला जितकी वर्षं झाली तितकी वर्षं ते त्या वाक्याला हसत आले असावेत.

अमेरिकेला जाता येत नव्हतं, पण जुनी वर्तमानपत्रं आणि विधिमंडळाच्या कामकाजाच्या नोंदी आता घरबसल्या वाचता येतात. काहीही गुपित नव्हतं. सगळं छापलेलं होतं, आणि बरंचसं आमदारानेच छापवून घेतलेलं होतं. मी सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर वाचत बसायचे आणि बाबा समोर बसून विचारायचे, "आज काय केलं त्याने?"

त्याने काय काय केलं ते थोडक्यात सांगते. शेतकऱ्याचा मुलगा. एका वकिलाच्या कचेरीत कागद नकलून कायदा शिकला. तेव्हा तीच पद्धत होती. मग नदीकाठच्या एका नव्या गावात त्याने पाटी लावली. पहिला मोठा खटला एका डुकराचा. डुकराने शेजाऱ्याची वाडी उकरली होती. आमदाराने डुकराच्या बाजूने इतकं लांब भाषण केलं, की वर्तमानपत्र त्याची स्तुती करताना निकाल काय लागला ते द्यायचं विसरून गेलं.

"हरला असणार," बाबा म्हणाले. "पण नाव झालं ना? मग जिंकलाच."

पुढे तो स्थानिक न्यायाधीश झाला. मग नागरी सेनेचा कर्नल झाला, आणि एकही लढाई न बघता मरेपर्यंत कर्नल राहिला. मग विधिमंडळात निवडून गेला. तिथे त्याने पहिलं काम केलं ते रस्त्याचं. राजधानीकडे जाणारा नवा रस्ता कुठून न्यावा यावर पुष्कळ चर्चा झाली, आणि लोकहिताचा सगळ्या बाजूंनी विचार करता तो आमदाराच्या जमिनीतून गेला. पक्ष त्याने तीनदा बदलला. प्रत्येक वेळी जुन्या पक्षाने तत्त्वं सोडल्यामुळे त्याला नाइलाजाने जावं लागलं, आणि प्रत्येक वेळी तत्त्वं नेमकी सत्ताधारी पक्षाकडे जाऊन राहिलेली असत.

बाबा हे सगळं एकाग्रतेने ऐकायचे. त्यांना आमदार मनापासून आवडला होता. "हा आपल्याकडचाच माणूस आहे," ते म्हणाले. "याला आपण डोंबिवलीतून उभा केला असता तरी निवडून आला असता."

"तुम्ही हसताय की कौतुक करताय?"

"दोन्ही. राजकारणात वेगवेगळं करता येत नाही."

अमेरिकन आजोबांनाही मी दर आठवड्याला व्हिडिओवर हेच सांगायचे. ते न हसता सांगायचे, की डुकराच्या प्रकरणाला 'मालमत्तेच्या हक्काची सुरुवातीची लढाई' म्हणता येईल. रस्त्याला 'दूरदृष्टी' म्हणता येईल. पक्षबदलाला 'वैचारिक वाढ'. मी ते लिहायचे. चरित्र लिहिणं म्हणजे बऱ्याच अंशी हेच असतं, आणि माझी फारशी तक्रार नव्हती. डुक्कर दोनशे वर्षांपूर्वी मेलेलं, रस्ता अजून चालू असलेला. त्यात कोणाचं काय बिघडणार होतं?

मग मी पीतज्वराच्या वर्षापर्यंत आले.

नदीकाठच्या गावात उन्हाळ्याच्या शेवटी पिवळा ताप आला. माणसं पटापट मरायला लागली. गावाने आरोग्य समिती नेमली आणि आमदाराला अध्यक्ष केलं. समितीने वर्तमानपत्रात नोटीस छापली: घाबरू नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, कोणीही गाव सोडू नये. खाली अध्यक्षाची सही. आणि त्याच पानावर, दोन रकाने सोडून, एक छोटीशी बातमी होती. अध्यक्षमहाशय सहकुटुंब डोंगरातल्या मेव्हण्याच्या गावी पोचले असून सार्वजनिक कामात मग्न आहेत.

हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते इतके हसले की माळ्यावरून नवरा खाली बघून गेला. आम्ही तिघंही तेव्हा घरात कोंडलेलेच होतो. टीव्हीवर रोज कोणी ना कोणी मोठा माणूस लोकांना घरी राहायला सांगत होता, आणि कोण कुठल्या लग्नाला गेला आणि कोण कुठल्या समुद्रकिनाऱ्यावर दिसला, याच्या बातम्याही येत होत्या. आमदाराला आम्ही अगदी ताज्या पेपरातला माणूस असल्यासारखं वाचत होतो.

पण घर त्याने मोकळं सोडलं नव्हतं. घर राखायला एक बाई ठेवली होती. ती त्याच्या मालकीची होती. विधिमंडळात स्वातंत्र्यावर त्याची भाषणं आहेत, लांबलचक आहेत. गुलामांना हळूहळू मुक्त करण्याचा कायदा आला तेव्हाही तो स्वातंत्र्यावरच बोलला आणि विरोधात मत देऊन खाली बसला. आता गावात ताप होता, मालक डोंगरात होता आणि ती एकटी त्या घरात होती. एके दिवशी ती निघून गेली.

आमदाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. पळाली आहे, पकडून आणणाऱ्यास बक्षीस. त्याचं झाडून सगळं लिखाण मी वाचलं होतं, सगळं फुगवलेलं. ही जाहिरात तेवढी स्वच्छ होती, एकही शब्द जास्तीचा नव्हता. उंच आहे. डाव्या मनगटावर भाजल्याची खूण. बोलण्यात तरबेज, समोरच्याला गप्प करते. इंग्रजी आणि डच दोन्ही बोलते. जाहिरातीत तिचं नावही होतं, पण ते त्याच घराण्याने ठेवलेलं. ती स्वतःला काय म्हणत होती ते कुठे छापलेलं नाही, म्हणून मी ते छापलेलं नाव इथे देत नाही.

बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्या काळी तसंच होतं," ते म्हणाले.

अमेरिकन आजोबांना पाठवलं. त्यांचा फोन आला. "हे प्रकरण इतकं लांब नको. 'साथीच्या काळात त्यांना नोकरवर्गाची अडचण सोसावी लागली,' असं एक वाक्य पुरेल."

"ती नोकर नव्हती," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. मी वाक्याबद्दल बोलतो आहे."

"वाक्य खोटं आहे."

"पुस्तक माझं आहे," ते अगदी सौम्यपणे म्हणाले.

मी म्हणाले, पुस्तक तुमचं, तर मग त्यावर माझं नाव नको. इतर सगळं तुम्हाला पाहिजे तसं गोड करून दिलं, हे देणार नाही. ते म्हणाले, आपण प्रत्यक्ष भेटून बोलू. निर्बंध सैल झाले होते, बागेत बसायला परवानगी होती. मी त्यांना आल्मेरेला बोलावलं, आणि हे ऐकून बाबांनी सुटकेसमधून कोट काढला. ट्यूलिप बघायला येताना त्यांनी काळा कोट का आणला होता, हे मी विचारलं नाही.

नवराबायको आगगाडीने आले, मास्क लावून. मी पोहे केले होते. डच बाईंनी ते खाल्ले, आणखी मागून घेतले, आणि आपल्या घरच्या बिस्किटाच्या डब्याची त्यांना काही आठवण झाल्याचं दिसलं नाही. दोन्ही वकील एकमेकांना बघून खुलले. कोर्टाच्या गोष्टी झाल्या, झोपी जाणाऱ्या न्यायाधीशांच्या गोष्टी झाल्या, आणि दोघांच्याही पडलेल्या निवडणुका सांगून झाल्या. तिकडच्या लोकांनाही कळलं नव्हतं, इकडच्या लोकांनाही कळलं नव्हतं. मला वाटलं, आता हे दोघे मिळून मला गुंडाळणार.

आजोबा म्हणाले, "तुमची सून माझ्या पूर्वजावर खटला चालवते आहे. मी त्याचं वकीलपत्र घेतलं आहे."

बचावाची जागा भरली होती. बाबांनी कोटाची बटणं लावली. "मग मला दुसरी बाजू घ्यावी लागेल," ते म्हणाले. त्यांचं इंग्रजी तालुका कोर्टाचं आहे, सावकाश आणि खणखणीत. "माझ्या विद्वान मित्रांना काही प्रश्न विचारतो. गाव सोडू नका ही नोटीस कोणाच्या सहीची?"

"अध्यक्षांच्या."

"अध्यक्ष कोण?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"माझ्या माहितीचा प्रश्न नाही. रेकॉर्डवर येऊ द्या."

"माझे पूर्वज."

"नोटीस छापून आली त्या दिवशी ते कुठे होते?"

"मेव्हण्याच्या गावी. सार्वजनिक कामासाठी."

"कोणतं काम?"

"त्याची नोंद सापडत नाही."

"नोंद सापडत नाही, की काम सापडत नाही?"

आजोबा हसले. त्यांनाही मजा येत होती, बऱ्याच वर्षांनी येत असावी. "आक्षेप," ते म्हणाले.

"आक्षेप फेटाळला," डच बाई म्हणाल्या. त्यांना न्यायाधीश कोणी नेमलं नव्हतं.

"बायको कुठे होती?" बाबांनी विचारलं.

"बरोबर."

"मुलं?"

"बरोबर."

"घोडे?"

आजोबा थांबले. "तेही बरोबर."

"मग तापाच्या गावात, त्या घरात, कोण राहिलं?"

आजोबांनी कप उचलला, त्यात कॉफी नव्हती, परत ठेवला. "घरातली माणसं."

"सगळी माणसं तर डोंगरात आहेत. घोड्यांसकट. मग घरातली माणसं म्हणजे कोण?"

"त्या वेळच्या कायद्याप्रमाणे..."

"कायद्यावर येतो," बाबा म्हणाले. "कायद्याने ती त्यांची मालमत्ता, मान्य. ती पळाली हा गुन्हा, तेही मान्य. पण नोटीस सगळ्यांना होती. गाव तिने सोडलं आणि गाव अध्यक्षांनीही सोडलं. तापाला दोघंही घाबरले, यात लाजण्यासारखं काही नाही, मीही घाबरतो. त्यांचं जाणं हे सार्वजनिक काम आणि तिचं जाणं हा गुन्हा. मला तर दोघांत एवढाच फरक दिसतो, की तिने परत येऊन निवडणूक लढवली नाही."

शेजारच्या बागेत कोणीतरी गवत कापायचं यंत्र चालू केलं.

आजोबा वकील होते, त्यामुळे हरलो असं म्हणणं त्यांना येत नव्हतं. ते म्हणाले, "मी असतो तर हे प्रकरण कोर्टाबाहेर मिटवलं असतं."

डच बाईंनी माझ्याकडून त्या जाहिरातीची प्रत मागून घेतली आणि तिथेच वाचली. "ती डच बोलायची?" त्यांनी विचारलं.

"त्या भागात डच घराणी होती," मी म्हणाले. "त्यांच्या घरी शिकली असणार."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. नवरा या देशात अर्धं आयुष्य राहून भाजीवाल्याशी इंग्रजीत बोलत होता. "म्हणजे तुझ्या घराण्यात डच टिकवली ती हिने," त्या म्हणाल्या. "आणि तुला तिला एका वाक्यात बसवायचं आहे."

ते गेल्यावर बाबा खूश होते. कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला, उरलेले पोहे खाल्ले. मला खात्री होती, की त्यांना न्यायाचं वगैरे काही पडलेलं नव्हतं. समोरच्याने बचाव घेतला म्हणून यांनी आरोप घेतला. उलट झालं असतं, तर तितक्याच जोरात त्यांनी घोड्यांचंही समर्थन केलं असतं. मी तसं त्यांना म्हणालेही.

"ते खरं आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती सापडली का गं पुढे?"

"माहीत नाही. जाहिरात पुन्हा पुन्हा आली आणि मग बंद झाली."

"म्हणजे सापडली."

"सापडली असती तर त्याने तेही छापलं असतं. त्याने काय छापलं नाही?"

बाबांनी विचार केला. "मग नाही सापडली," ते म्हणाले. "चांगलं झालं." आणि ताटली धुवायला उठले, जी त्यांनी तोवर आमच्याकडे कधी धुतली नव्हती.

पुस्तक झालं. 'जनसेवक' हे नाव राहिलं, त्यावरून आजोबा हटले नाहीत. पण पीतज्वराचं प्रकरण मी लिहिलं तसं राहिलं, जाहिरातीच्या पूर्ण मजकुरासकट. फक्त प्रकरणाचं नाव त्यांनी 'एक कठीण हंगाम' असं केलं. कठीण कोणाला, ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझं नाव आतल्या पानावर आलं, बारीक अक्षरात, आणि मला ते तेवढंच बरं वाटलं.

प्रकाशन ऑनलाइन झालं, कारण पुन्हा सगळं बंद झालं होतं. पडद्यावर चौकोनाचौकोनांत त्यांचे अमेरिकेतले नातलग होते, युट्रेख्टमधले दोन-चार मित्र, आणि आमच्या चौकोनात मी आणि कोट घातलेले बाबा. आजोबांनी निवडक पानं वाचली. डुकराचा खटला वाचला, लोक हसले. रस्ता वाचला. स्वातंत्र्यावरचं भाषण वाचलं, चांगलं वाचलं, आवाजाला धार होती. मग त्यांनी पान उलटलं आणि एकदम आमदाराच्या अंत्ययात्रेवर आले, जिला अख्खं गाव लोटलं होतं.

"तू मधलं सोडलंस," शेजारून आवाज आला. डच बाई चौकोनात अर्ध्याच दिसत होत्या.

"वेळ कमी आहे."

"वेळ आहे." त्यांनी पुस्तक नवऱ्याच्या हातातून घेतलं आणि 'एक कठीण हंगाम' वाचायला सुरुवात केली. नोटीस, मेव्हणा, घोडे, घर, जाहिरात, मनगटावरची खूण. वर्गात उदाहरण वाचावं तशा आवाजात, चढउतार न करता. चौकोनांतले चेहरे हलेनात. मला वाटलं नेट गेलं. आजोबा खाली मान घालून ऐकत होते, आणि मला पहिल्यांदाच त्यांची थोडी कीव आली. त्यांनीही ती पानं कापून टाकली नव्हती, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

वाचन संपलं. बाईंनी विचारलं, कोणाला काही प्रश्न आहेत का. मग अमेरिकेतल्या एका पुतण्याने माइक सुरू केला.

"रस्त्याकडेची ती जमीन," तो म्हणाला, "ती आता कोणाच्या नावावर आहे?"

माझ्या शेजारी बाबा सरसावून बसले. "हा पहिला कामाचा प्रश्न," ते मला मराठीत म्हणाले, आणि मी अडवायच्या आत त्यांनी आमचा माइक सुरू केला.